भोंग्याचा फ्यूज भिकनच्या खिशात

लाईट साडेबाराला येणार म्हंतोय तो लाइनमन, म्हंजी एक धरून चाला. बसा मग. ए सोनाजी, डीपीपासून जरा हटून बस लेका, तुझ्या बापाला एकच पोरगं हाय. आन् ती बॅटरी बंद कर, मोटार चालू करायला अंधारात काय सापडायचं नाय नंतर.

गोष्ट पायजे? पायजे तर दात काढू नका. मला ठाऊक हाय, तुम्ही म्हणणार आबा परत बनवतोय. बारवंत तोंड उघडं ठेवून घागर टांगली आन् गावाला वाटलं बाई रडती, ती घागर माझीच, कबूल. कडूबाईच्या लग्नात नवरदेवाच्या खाटंखाली बोकड बांधला तो बी मीच. पर ही गोष्ट बनवायला तेवढं डोकं लागतं. मास्तरनं मला चौथीत खाली बसवलं, ते अजून उठवलं नाय.

ही माझ्या मावसभावाची गोष्ट. लासूर स्टेशनचा भिकन. घरात तीन पिढ्या मेंढरं राखलेली, ह्यानं काठी सोडली आन् टेस्टर धरला. चिकलठाण्याला बर्फाच्या कारखान्यात वायरमन व्हता. मी बी तिथंच, बर्फाच्या लाद्या ओढायला.

चौऱ्याण्णव साल. चौदा जानेवारी, शुक्रवार. संक्रांत. भिकन घरी जेवायला बसलेला, तेवढ्यात कारखान्याची जीप दारात. ड्रायव्हर म्हणला, "सायबानं बोलावलंय. भोंगा जोडायचाय आजच्या आज. सकाळी आठला सरकारी तपासणीवाला येणार हाय."

त्याची आई दगडाबाई म्हणली, "सणाच्या ताटावरून उठतो का रे?"

"तासाचं काम हाय आई. जोडतो आन् येतो."

निघाला बिचारा. काखंत हत्याराची पिशवी.

आता तुम्ही इचाराल, भोंगा जोडायचा म्हंजी आधी तोडला कोणी? भिकननंच. ऐका.

बर्फाच्या कारखान्यात एक गॅस असतो, अमोनिया. पाइपात हाय तवर गरीब गाय. फुटला का डोळं जळतेत, नरडं बंद, माणूस पाच मिनिटांत आडवा. म्हून मशिनरूममधी भिंतीला लाल बटन असतं. गॅस सुटला का बटन दाबायचं, वर पत्र्यापाशी भोंगा बोंबलतो, सगळी माणसं धावतेत. आमचा भोंगा असा व्हता का चिकलठाणा गावातली म्हातारी माणसं खाटंवरून पडायची.

त्या हिवाळ्यात नामांतराचा मामला तापलेला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हून सोळा वर्सं चाललेलं, रोज मोर्चा, रोज बंद. आमचा मॅनेजर लई भ्यायचा. आम्ही त्याला बर्फ्या म्हणायचो. गोरा, गार, आन् पैलू पाडल्यावानी चौकोनी. त्याला वाटायचं, भोंगा वाजला का पोरं गेटावर जमतेत आन् तशीच मोर्चात जातेत. एक दिवस भिकनला बोलावून म्हणला, "भोंग्याची वायर काढून टाक. बटन दिसायला राहू दे." आन् वाचमनला हुकूम, रातपाळीला मशिनरूमच्या दाराला बाहेरून कडी घालायची, कोणी निसटून मोर्चात जायला नको. भिकन म्हणला, सायेब, गॅस सुटला तर? तर बर्फ्या म्हणतो, "तू वायरमन हायस का कलेक्टर?"

भिकननं काढली वायर. नोकरी व्हती. काढली.

रातपाळीला मशिनवर कडुबा असायचा. बौद्धवाड्यातला, नामांतराच्या पयल्या मोर्च्यापासनं चाललेला गडी. त्याची आन् भिकनची भाकर एका फडक्यात. आन् मजा सांगू का? कडुबा भूतबित काय मानायचा नाय. मी एकदा पांढरं पोतं पांघरून मशिनरूममधी त्याला भेवडवायला गेलो. अंधारात उभा राहून "हूं हूं" केलं. गडी मशिनचं तेल पुसतच म्हणला, "सांडू, पोतं जागेवर ठेव. गॅसच्या वक्ताला वल्लं करून तोंडाला बांधायला लागतं ते."

तो भूत मानत नव्हता, आन् भूत झाला तोच. आता बोला.

चार जानेवारीच्या राती, दोन वाजून दहा मिनिटांनी, गॅस सुटला. पलीकडं बर्फाच्या टाकीवर चार माणसं कामाला व्हती. त्यांला काय ऐकूच आलं नाय. मशिनच्या घरघरीत हाक कुठं ऐकू येती? पहाटं कडी काढली, तर कडुबा बटनाखाली बसलेला. तोंडाला वल्लं पोतं. उजवा हात वर, बटनावरच.

बर्फ्यानं कागदावर काय लिवलं, ठाऊक हाय? का कडुबा दारू पिऊन झोपला, म्हून मेला. भोंगा चांगला व्हता, त्यानं दाबलाच नाय.

त्याची बायको साळूबाई रोज गेटावर येऊन उभी राहायची. रडायची नाय. एकच बोलायची, "माझ्या मालकानं दारूला कधी बोट लावलं नाय. बटन दाबलंच असंल त्यांनी." वाचमन हाकलायचा. दुसऱ्या दिवशी परत हजर. भिकन तिच्यासमोर जाईना. मागच्या भिंतीवरनं उडी मारून कामावर जायचा. शेवटी सुट्टी टाकून लासूरला पळाला.

तर संक्रांतीच्या राती जीप शहरात क्रांती चौकात आली आन् अडकलीच. माणूस माणसाला लागलेलं. नामांतर झाल्याचं कळलं व्हतं. ढोल, निळे झेंडे, कोणी रडतंय, कोणी नाचतंय, पोलीस काठ्या काखंत मारून उभे. भिकन जीपमधी बसून बघतोय, आन् त्याच्या मनात एकच... दहा दिवस. दहा दिवस अजून जगला असता कडुबा, तर इथंच नाचत असता.

कारखान्यावर पोचला, अकरा वाजत आलेले. अमावस्या नुकतीच झालेली, आभाळात चंद्राचा पत्ता नाय. बर्फ काढणं दहा दिवसांपासून बंद. मशिन गार. गॅस तर पाच तारखेलाच सगळा काढून टाकलेला, पाइपं रिकामी. वाचमननं गेट उघडलं, पर आत पाऊल टाकंना. म्हणला, "तू जा. मी इथंच बरा."

बर्फ्या ऑफिसात बसलेला, म्होरं रजिस्टर उघडं. त्यात तीन तारखेच्या रकान्यात लिवलेलं, भोंगा तपासला, चालू आहे. खाली जागा मोकळी.

"आधी सही कर," म्हणला.

"आधी काम करतो, सायेब."

"काम मागाहून. सही कर."

"काम झाल्यावरच करतो, सायेब."

बर्फ्या हसला. "तुला काय वाटतं, तू सही नाय केली तर मी एकटाच जाईन आत? वायर कोणी काढली? मी सांगीन, वायरमननं दारूच्या नादात काढली. दोघं दारुडे. एक मेला, एक जेलात. कर इचार वर चढून."

बघा, कसा पेच. सही केली तर मेलेला मैतर दारुडा ठरतो, त्याच्या बायकोच्या कपाळी ते कायमचं. नाय केली तर हा जेलात.

भिकन कामाला लागला. त्याला शहागंजच्या एका उस्तादनं हे काम शिकवलेलं. उस्तादची शिकवण अशी का, आधी मेन बंद. मग फ्यूज उपसायचा आन् आपल्या खिशात घालायचा. बोर्डावर ठेवायचा नाय, कोणाच्या हाती द्यायचा नाय, सख्ख्या भावाच्या बी नाय. फ्यूज खिशात तर जान खिशात. मग टेस्टलॅम्प लावायचा, वायरीत करंट असंल तरच पेटणारा दिवा. उस्ताद म्हणायचे, "बत्ती से पूछ बेटा, हाथ से मत पूछ." आन् बत्ती नाय पेटली तरी पयला हात उलटा लावायचा, तळहात नाय. झटका बसला तर मूठ वायरीला आवळत नाय, हात मागं फेकला जातो. ए सोनाजी, तू मागल्या आठवड्यात स्टार्टरमधी सरळ हात घातला व्हता, मी बघितलंय. ऐकून ठेव.

तर भिकननं भोंग्याचा फ्यूज उपसला, चिनीमातीचा, पांढरा. पँटीच्या खिशात घातला. शिडी लावली मशिनरूमच्या बाहेरच्या भिंतीला. भोंगा वर पत्र्याखाली, आन् त्याच्या बाजूलाच एक जाळीचा झरोका, त्यातनं खालची मशिनरूम दिसती. आत एक पिवळा दिवा जळत व्हता, त्याची लाइन येगळी.

वर चढला. टेस्टलॅम्प लावला. नाय पेटला. उलटा हात लावला. काय नाय. वायरी सोलल्या, पक्का पीळ दिला, टेप मारली, अर्थिंगची वायर कसली. चोख काम. शेवटचा स्क्रू फिरवत व्हता...

आन् भोंगा हालला.

हातात धरलेलं मेंढरू अंग झाडतं ना, तसा. बारीक आवाज आला. घुं...

बंद.

भिकननं परत टेस्टलॅम्प लावला. नाय पेटला. खिसा चाचपला. फ्यूज हाय.

घुं... बंद. घुं... बंद.

खाली कोणतरी बटन दाबत व्हतं.

त्यानं झरोक्यातनं बघितलं. बटनापाशी माणूस उभा. पाठमोरा. मान खाली. दाबतोय. सोडतोय. दाबतोय.

भिकनला वाटलं बर्फ्या. वरनंच वरडला, "सायेब, दाबू नका! फ्यूज माझ्या खिशात हाय, वाजायचा नाय अजून!"

"कोणाशी बोलतोस रे?"

आवाज मागनं. शिडीच्या बुडापासनं. बर्फ्या खाली अंगणात उभा. हातात बॅटरी.

...

काय रे, गप का झालात? जवळ सरका, सरका. थंडीच हाय, मी काय म्हणलो का भेले म्हून?

भिकननं नुसतं बोट दाखवलं. आत कोणतरी हाय.

बर्फ्या पेटला. "त्याच मेल्याच्या जातभाईंपैकी घुसलं असंल कोणी. आज लई माज आलाय त्यांला. थांब, बघतो." तरातरा गेला. मशिनरूमचं दार उघडून आत शिरला.

दार लागलं.

आन् बाहेरनं कडी पडली. खट्.

अंगणात कोणीच नव्हतं.

भिकन झरोक्यातनं बघतोय. आत बर्फ्या एकलाच. तो पाठमोरा माणूस नाय. कोणी नाय. बर्फ्या बॅटरी फिरवतोय. मशिनमागं बघतोय. मग थांबला. नाकाला हात लावला. डोळं चोळाया लागला. दाराकडं पळाला. दार हालवतोय. मारतोय लाथा.

आवाज नाय.

दारावर लाथा, आन् आवाज नाय. तोंड एवढं उघडं. वरडतोय. नरड्याच्या शिरा दिसतेत. झरोका दोन हातावर. आवाज... नाय.

मग बटनाकडं गेला. दाबलं. परत दाबलं. परत. परत.

भोंगा गप. फ्यूज खिशात.

भिकननं खिशात हात घातला. आन् हात तिथंच चिकटला. फ्यूज गार... असा गार का कातडीला चिकटला. बर्फाच्या साच्याला वल्ला हात लागल्यावानी. हात निघंना.

तवा कानापाशी श्वास आला.

शिडीवर. जमिनीपासनं वीस फूट वर. वल्ल्या पोत्यातनं श्वास घेतो माणूस, तसा.

"भिकन..."

वळला नाय.

"मी दाबलं व्हतं."

"ठाऊक हाय..."

"मग सांगत कामून नाय?"

...

"कडुबा, माफ कर गड्या..."

"माफी नको." श्वास. "लिव्ह."

"तो मरंल आत..."

"मी बी मेलो." श्वास. "आधी लिव्ह. मग फ्यूज सुटंल."

भिकन एका हातानं शिडी उतरला. कसा उतरला, त्याला बी ठाऊक नाय. ऑफिसात पळाला. उजवा हात खिशात अडकलेला, डाव्या हातानं पेन धरला. गडी सातवी शिकलेला, अक्षर म्हंजी मुंग्या. त्या मोकळ्या जागेत सही करायची व्हती, तिथं लिवलं. भोंगा चालू नव्हता. वायर मी काढली, सायबाच्या सांगण्यावरून. दाराला बाहेरून कडी व्हती. कडुबा दारू पीत नव्हता. त्यानं बटन दाबलं. आन् खाली दस्तखत. पुरं नाव, बापाचं, गावाचं.

शेवटचं अक्षर पडलं, आन् खिशातला हात मोकळा झाला.

धावत जाऊन फ्यूज घातला. मेन टाकला.

पोरहो, भोंगा असा वाजला का मुकुंदवाडीपर्यंत ऐकू गेला. जालना रोडनं माणसं परतत व्हती, निळे झेंडे हातात घेऊन. तेच धावत आले. गेट ढकललं, कडी काढली. ज्यांला बर्फ्या भ्यायचा, त्यांनीच त्याला खांद्यावर घालून बाहेर काढलं. जिता व्हता. बटनाखाली बसलेला.

आत गॅसचा वास... कोणालाच आला नाय. धावलेल्या एकाचा बी डोळा जळला नाय. पर घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं बर्फ्याच्या घशात बॅटरी मारली आन् म्हणला, गॅसनं भाजलाय. आवाज गेला. परत येणार नाय.

सकाळी आठला तपासणीवाला आला. त्यानं रजिस्टर वाचलं. दोनदा वाचलं. भिकनची नोकरी गेली, केस झाली, सहा महिने आत जाऊन आला. पर कडुबाचं दारू पिऊन मेला ते खोडलं गेलं. साळूबाईला कागद वाचून दाखवला, तर ती एवढंच म्हणली, "मी काय येगळं सांगत व्हते?" आन् त्या दिवसापासनं गेटावर आली नाय.

आता इथवर सगळं भिकननं मला सांगितलेलं. तुम्ही म्हणाल, भिकन घाबरट, त्याला भास झाला. म्हणा. मी बी तसंच म्हणलो व्हतो. लई हसलो त्याला.

पर म्होरचं मी सोता बघितलंय.

पोलिसांनी उचलायच्या आधी भिकन म्हणला, सायबाला एकदा बघून येऊ. सतरा तारीख व्हती. आम्ही दोघं घाटीत रातच्याला खाटंजवळ बसलो. बर्फ्याचे घरचे थकून व्हरांड्यात झोपलेले. तो बी झोपलेला. नाकात नळी. गोरा रंग सगळा उतरलेला. आवाज तर निघतच नव्हता, नर्सला पाणी मागायचं तरी भांडं वाजवायचा. मी भिकनच्या कानात म्हणलो, बर्फ्याचं पाणी झालं रे. भिकन हसला नाय.

भिंतीवर घड्याळ. दोन वाजून नऊ.

दोन वाजून दहा...

घुं...

बारीक. मग चढला. चढत गेला. आमचा भोंगा. तोच, शंभर भोंग्यांत ओळखीन मी. वॉर्डातली माणसं सलाइनसकट उठून बसली. पोरं रडायला लागली. नर्स वरडत पळाली, "आग कुठं लागली? कुठं वाजतंय?" मी खिडकीकडं धावलो. बाहेर बघतो तर सगळं गप. रस्त्यावर कुत्रं सुद्धा झोपलेलं.

भिकन जागचा हालला नव्हता. त्यानं माझी मान धरली आन् खाटंकडं फिरवली.

बर्फ्या गाढ झोपलेला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला... उलटा हात ठेवला, का कोण जाणे. छाती थरथरत व्हती. आवाज तिथनंच येत व्हता. आतनं.

आन् त्याचं तोंड... घट्ट मिटलेलं व्हतं.